पोस्टिंग संपत आलंय? परदेशातल्या व्हॉलंटियरिंगचे शेवटचे सहा महिने कसे उरकायचे

बाहेर जायच्या आधी सगळे सगळं सांगतात. कुठली लस घ्यायची, तूरडाळ तिकडे मिळते का, मच्छरदाणी इथून न्यायची का. दोन वर्षांनी परत कसं यायचं हे मात्र कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं त्यात काय, बॅग भरायची आणि विमानात बसायचं. मलाही तसंच वाटलं होतं आणि म्हणून मी शेवटी बऱ्यापैकी घोळ घातला. तुमचं पहिलंच पोस्टिंग असेल आणि आता संपत आलं असेल तर हे वाचा.

मी युगांडात होते, पश्चिमेला फोर्ट पोर्टलच्या बाजूला. काम प्राथमिक शाळांच्या शिक्षकांबरोबर, पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं यावर. तिथे पहिली तीन वर्षं त्या त्या भागातल्या भाषेत शिकवतात, आमच्याकडे रुटोरोमध्ये, त्यामुळे खरं शिकवणारे तेच, मी आपली पद्धत सांगायला. म्हणून खाली जे आहे ते युगांडाचं आहे, तुम्ही मलावीला किंवा नेपाळला असाल तर नावं बदलून घ्या, घोळ तेच असतात.

आधी तारीख, खरी तारीख

काँट्रॅक्टवर एक तारीख असते, पासपोर्टवरच्या वर्क पर्मिटची दुसरी असते, आणि तुमच्या कामाची खरी तारीख तिसरीच असते. तिन्ही एका कागदावर लिहून काढा. पर्मिट काँट्रॅक्टच्या आधी संपत असेल तर आत्ताच ऑफिसच्या मागे लागा, कारण ओव्हरस्टे झाला की दंड डॉलरमध्ये आणि दिवसाच्या हिशोबाने बसतो आणि एअरपोर्टवर कुणी तुमचं समाजकार्य बघत नाही.

तिसरी तारीख सगळ्यात महत्त्वाची. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, तीन टर्म असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सातवीच्या मुलांची पीएलई म्हणजे प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा असते आणि ती जवळ आली की अख्ख्या शाळेला दुसरं काही सुचत नाही, आपल्याकडे दहावीच्या वर्षी घरात जे होतं ते तिकडे शाळेत. माझं काँट्रॅक्ट डिसेंबरच्या मध्यापर्यंत होतं, मी खुशाल नोव्हेंबरात दोन ट्रेनिंग ठेवली, एकाला चार शिक्षक आले, त्यातले दोन पावसामुळे आडोशाला आले होते. तेव्हा तुमची तारीख डिसेंबरची असेल तर काम ऑक्टोबरात संपलं असं समजूनच चाला.

नवीन काही सुरू करू नका

हे मी हात जोडून सांगते. शेवटचे सहा-सात महिने राहिले की डोक्यात एक किडा वळवळायला लागतो, की आपण इथे नक्की केलं काय, दाखवायला काय आहे, आणि मग माणूस काहीतरी डोळ्यांना दिसेल असं करायला घेतो. संडास, पाण्याची टाकी, भिंतीवरची चित्रं. मी लायब्ररी घेतली.

विसाव्या महिन्यात सुरू केली. ओळखीच्यांकडून थोडे पैसे जमवले, सुताराकडून कपाटं करून घेतली, पुस्तकांचे अकरा खोके आणले. कपाटं आली पण भिंतीला ओल होती म्हणून वाट बघायची ठरली, वाट बघता बघता परीक्षा आली, परीक्षेनंतर सुट्टी, आणि मी निघायच्या आठवड्यात ते अकरा खोके स्टोअररूममध्ये जमिनीवर ठेवून कुलूप लावलं की फेब्रुवारीत शाळा उघडली की सर बघतील. किल्ली मी कुणाला दिली? कुणालाच नाही. इस्लामपूरला घरी येऊन बॅग उपसली तर वॉटरबॅगच्या कप्प्यात हिरव्या दोऱ्यात ओवलेली किल्ली. शाळेने जानेवारीच्या शेवटी कुलूप तोडलं तोवर खालच्या खोक्यांना वाळवी लागली होती. फोटो पाठवला त्यांनी, काही बोलले नाहीत, नुसता फोटो.

कुणाला दोष देणार, माझीच चूक. पुस्तकं आणली म्हणून नाही, विसाव्या महिन्यात आणली म्हणून. शेवटच्या सहा महिन्यांत जे आधीच चालू आहे ते दुसऱ्याच्या हातात जाईल एवढंच बघायचं. कुणी उत्साहाने नवीन आयडिया घेऊन आलं तर छान म्हणायचं आणि विचारायचं की हे तुम्ही कधी सुरू करणार, मी निघायच्या आधी एकदा बघायला येते.

हँडओव्हर: कागद कमी, माणूस जास्त

ऑफिसला एक रिपोर्ट लागतो, तो द्या, त्यावर आठवडा घालवू नका. खरा हँडओव्हर म्हणजे तुमच्या जागी एक माणूस उभा राहणं, आणि तो माणूस बहुतेक वेळा आधीपासून तिथेच असतो. आमच्याकडे सीसीटी नावाचं पद असतं, कोऑर्डिनेटिंग सेंटर ट्युटर, म्हणजे आपल्या झेडपीतला केंद्रप्रमुख समजा. मोटरसायकलवर शाळाशाळा फिरणारा माणूस. मी येण्याच्या आधीपासून तो फिरत होता आणि मी गेल्यावरही फिरणार होता, मग ट्रेनिंग कुणी घ्यायला पाहिजे? पण दीड वर्ष मीच पुढे उभी, तो मागे हजेरी घेत बसलेला. हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

तर असं करा. सहा महिने उरले की ट्रेनिंग अर्धं अर्धं घ्या. चार महिने उरले की त्याने घ्यायचं आणि तुम्ही मागच्या बाकावर बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं, हे फार अवघड आहे, तो तुमच्यापेक्षा वेगळं सांगेल, कधी चुकीचंही सांगेल, चहाच्या वेळी बोला. आमच्या सीसीटीने पहिल्याच ट्रेनिंगला माझी अक्षरओळखीची तीन पायऱ्यांची पद्धत दोन पायऱ्यांत उरकली, मी चरफडत बसले, आणि नंतर शाळांमधून फिरले तर तीच दोन पायऱ्यांची पद्धत शिक्षक वापरत होते, माझी तीनवाली कुणीच नाही. एका वर्गात ऐंशीच्या वर मुलं असतात, तिसऱ्या पायरीला वेळ कुठला.

सामानाचंही तसंच. जे तिथल्या बाजारात मिळतं त्यातूनच केलेलं टिकतं. आम्ही तक्ते तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर करायचो, पांढरं प्लॅस्टिकचं पोतं उसवायचं, धुवायचं, मार्करने अक्षरं काढायची, वर एक काठी शिवायची की झाला तक्ता. पावसात भिजला तरी पुसून परत टांगता येतो. ऑफिसने दिलेलं लॅमिनेटिंगचं मशीन मात्र मी असतानाच बंद पडलं कारण त्याची प्लॅस्टिकं कंपालाशिवाय मिळत नव्हती.

आणि या बारीकसारीक गोष्टी, यात सगळे अडकतात: कामाच्या फाइली तुमच्या स्वतःच्या ईमेलच्या ड्राइव्हवर असतील तर आत्ताच दुसऱ्याच्या नावावर करा आणि शिवाय एका पेनड्राइव्हवर द्या, कारण तिकडे डेटा विकत घेऊन कुणी तुमची ट्रेनिंगची प्रेझेंटेशन डाउनलोड करणार नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन दुसरे दोघे करा. हातात राहिलेल्या पैशांचा हिशोब पावत्यांसकट दोघांच्या सहीने द्या. आणि किल्ल्या. सगळ्या किल्ल्या टेबलावर ओता, प्रत्येकीला चिठ्ठी बांधा, आणि माणसाच्या हातात द्या.

घरातलं सामान आणि आधीच बुक झालेली सायकल

तुम्ही जाणार हे कळलं की मागणी सुरू होते, आणि त्यात काही वावगं नाही, तिथे मागणं म्हणजे लोचटपणा नाही. माझी सायकल आठ महिने आधी शेजारच्या बाईंनी मागितली, बोडाच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीच्या, स्टेजवरच्या मुलाने मागितली, वॉचमनने मागितली, आणि मी तिघांनाही हसून बघू या म्हटलं. आपल्याकडे बघू या म्हणजे नाही, तिकडे ते बऱ्याचदा हो असतं. शेवटच्या आठवड्यात तिघंही आले.

म्हणून यादी करा, वस्तूपुढे एकच नाव, आणि विचारलं की सांगा, ते दिलं गेलंय. जे विकायचं ते, म्हणजे गॅस शेगडी, गादी, फ्रिज असला तर फ्रिज, ते नवीन येणाऱ्या व्हॉलंटियरला किंवा कॉलेजमधल्या शिक्षकांना महिनाभर आधी विका, पैसे वस्तू नेतानाच घ्या. घरकामाला बाई असतील, वॉचमन असेल, त्यांना दोन महिने आधी स्पष्ट सांगा, शेवटचा पगार आणि वर काहीतरी द्या, आणि चांगलं पत्र लिहून द्या, छापील, सहीचं, तुमचा फोन नंबर घातलेलं. माझ्याकडच्या ताईंना त्या पत्रावर पुढचं काम मिळालं. सायकलीपेक्षा ते पत्र जास्त कामाचं निघालं.

पैशांचं थोडक्यात. युगांडाचे शिलिंग भारतात आणून काही उपयोग नाही, कुणी बदलून देत नाही, कंपालातल्या फॉरेक्स ब्युरोत डॉलर करून घ्या, आणि नोटा नव्या आणि मोठ्या घ्या. मोबाइल मनीत, म्हणजे फोन नंबरवरच्या खात्यात, पैसे पडून असतील तर हळूहळू वापरून संपवा, काढायला गेलं की कंपनीचं चार्ज जातंच, वर २०१८ पासून सरकारचा टॅक्सही जातो. आणि काही संस्था पोस्टिंग संपल्यावर एकरकमी काही देतात, ते कुठल्या अकाउंटला येणार हे लेखी विचारा. माझं तिथलं अकाउंट मी शहाण्यासारखं निघायच्या आधी बंद केलं आणि पैसे तिकडेच पाठवले गेले, परत फिरून मिळायला चार महिने गेले.

निरोप टाळू नका

आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं गुपचूप निघून जावं, उगाच रडारड नको, लोकांना खर्चात नको पाडायला. असं करू नका, लोकांना फार लागतं ते.

फोर्ट पोर्टलच्या बाजूला एक रीत आहे, एम्पाको. प्रत्येकाला स्वतःच्या नावाशिवाय एक लाडाचं नाव असतं, ठरलेल्या डझनभर नावांतलं एक, अमूती, अबवोली, अत्वोकी, अदियेरी वगैरे, आणि भेटल्यावर आधी ते विचारायचं, त्या नावाने हाक मारायची, मग बोलणं. नाव ठाऊक असूनही आपण नुसतं आडनावाने हाक मारली तर कसं कोरडं वाटेल, तसं. युनेस्कोने २०१३ मध्ये ही रीत जपायला हवी अशा वारशाच्या यादीत घातली. मला पहिल्या महिन्यात हेडमास्तरीणबाईंनी अकीकी नाव दिलं आणि मग दोन वर्षं बाजारात, स्टेजवर, शाळेत मी अकीकी. रस्त्यावरची पोरं मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून ओरडायची ती पण शेवटी शेवटी अकीकीवर आली. ज्यांनी नाव दिलंय त्यांच्यासमोरून न सांगता कसं जाणार?

तर कार्यक्रम होणार. दोनला सांगितला तर चारला सुरू होणार. भाषणं सगळ्यांची होतात आणि क्रमाने होतात, गावचे एलसी वन चेअरमन (आपल्या सरपंचासारखे), शाळा समिती, पालक, सीसीटी, हेडमास्तरीणबाई, त्यामुळे सकाळी पोटभर खाऊन जा. तुमचंही भाषण असतं, पाच मिनिटं पुरे, सुरुवातीला आलेल्या पाहुण्यांची पदांप्रमाणे नावं घ्या, कुणाचं सुटलं तर ते लक्षात राहतं. मध्ये चार वाक्यं त्यांच्या भाषेत बोला, चुकली तर चुकली. मी वेबाले मुनो म्हणजे खूप आभार एवढं म्हणून पुढे गोंधळले तर अख्खा मंडप माझं वाक्य पूर्ण करत होता.

कोंबडीची तयारी ठेवा. जिवंत कोंबडी देतात, पाय बांधलेली, आणि हा मोठा मान आहे. दोन्ही हातांनी घ्यायची, जवळ धरायची, फोटो काढायचा, मी शाकाहारी आहे वगैरे तेव्हा सांगत बसायचं नाही. मला विमानाच्या तीन दिवस आधी मिळाली, बोडावरून मांडीवर घेऊन घरी आणली, दोन दिवस तिने स्वयंपाकघरात धुमाकूळ घातला आणि मग घरकामाच्या ताईंना दिली. घडभर मटोके पण मिळाले, म्हणजे उकडून खायची हिरवी केळी, ते शेजारी वाटले. ठेवली फक्त एक विणलेली टोपली, झाकणाची. कारो द्यायला वापरतात ती, कारो म्हणजे नाचणीच्या पिठाची घट्ट उकड, आणि पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आजीच आठवली होती. नाचणी मुळात तिकडचीच, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातून आपल्याकडे आली, हे मला तिथे जाऊन कळलं.

त्यावरून आठवलं, बाबांनी फोन करून सांगितलं होतं तिकडचं नाचणीचं बी आण, लावून बघू. आणू नका. बियाणं, रोपं परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. भाजलेली कॉफी, चहापावडर आणा, कितेंगे कापड आणा. प्राण्याच्या कातड्याचं, शिंगाचं, हस्तिदंताचं काही दिलं तर गोड बोलून तिथेच कुणाकडे तरी ठेवा.

फिरायचं राहिलं असेल तर निघायच्या आठवड्यावर टाकू नका, महिनाभर आधी उरका. मी जिंजा शेवटासाठी ठेवलं होतं, नाईल जिथून निघते ते, गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये तिथे सोडला होता, त्यांचा पुतळाही आहे. दोन वर्षं तिथे राहून राहिलंच बघायचं.

तब्येत

संस्था शेवटचं चेकअप देत असेल तर घ्याच. व्हिक्टोरिया किंवा आल्बर्ट तलावात पोहला असाल, नुसते गुडघाभर पाण्यात उभे राहिला असाल तरी बिल्हार्झियाची, म्हणजे तलावाच्या पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांच्या आजाराची, टेस्ट करा. लगेच केलेली टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, शेवटचं पाण्यात गेल्यापासून सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणजे पोहणं बंद करायची तारीख पण आधीच ठरवा. औषध साधं आहे, प्राझिक्वांटेल, पण आपल्याकडच्या डॉक्टरांना हा आजार पटकन सुचणार नाही.

मलेरियाची गोळी घेत असाल तर विमानात बसलात म्हणून थांबवू नका, डॉक्सिसायक्लिन परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवायची असते, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. आणि घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत, वर्षभरसुद्धा, ताप आला तर आईने व्हायरल आहे म्हटलं, फॅमिली डॉक्टरने डेंग्यू असेल म्हटलं तरी तोंडाने सांगा की मी आफ्रिकेतून आलेय, फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे जीवघेणा प्रकार, बघा, आजच बघा. तो वाट बघण्यासारखा आजार नाही.

कागद आणि विमान

यलो फीवरच्या लसीचं पिवळं कार्ड हँडबॅगेत, पासपोर्टच्या आत. युगांडातून येणाऱ्याला भारतात ते दाखवावं लागतं, नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. २०१६ पासून कार्ड जन्मभर चालतं, दहा वर्षांचा शिक्का बघून घाबरू नका. आमच्यातल्या एकाने ते जपून ठेवायचं म्हणून मोठ्या बॅगेत ठेवलं, आणि मोठी बॅग मिळते इमिग्रेशननंतर, तपासणी असते आधी. दीड तास उभा होता बिचारा.

पुढे कधी दुसऱ्या देशात नोकरीला किंवा शिकायला जायचा विचार असेल तर युगांडा पोलिसांचं गुड कंडक्ट सर्टिफिकेट निघायच्या आधीच काढून ठेवा, कंपालात इंटरपोलच्या ऑफिसात मिळतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात. तिथे असताना अर्ध्या दिवसाचं काम, इथून काढायचं म्हणजे वैताग. अनुभवपत्र पण सही-शिक्क्यासकट हातात घ्या, ईमेल करतो म्हणाले तर थांबून घ्या, ज्यांनी सही करायची ते साहेब पुढच्या वर्षी बदलून गेलेले असतात.

एन्टेबेहून मुंबईला युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये थेट विमान सुरू केलं, नाहीतर अदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातून यायचं. फोर्ट पोर्टल ते कंपाला तीनशे किलोमीटर आणि पुढे एन्टेबे चाळीस, नकाशावर काही वाटत नाही, पण कंपालाचं ट्रॅफिक आपल्या हिंजवडीला लाजवेल, त्यामुळे आदल्या दिवशीच एन्टेबेला मुक्कामी जा.

परत आल्यावर

भारतातलं खातं जाताना एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं, केलं असेल तर बँकेत जाऊन परत साधं करून घ्या, आणि आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता ते पासपोर्टवरून मोजून सीएला द्या. 

नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात, पगार किती होता आणि आता पुढे काय. पहिल्याचं उत्तर सांगितलं की दुसऱ्याची वाट न बघता विषय बदलतात. ते सोडा. पण पहिले दोन महिने नोकरीचं लगेच ठरवू नका, जमत असेल तर. मला महिनाभर मॉलमध्ये गेलं की गरगरायचं आणि कुणी नमस्कार न करता एकदम कामाचं बोलायला लागलं की राग यायचा.

आणि तिकडून मेसेज येत राहतात. खुशालीचे असतात, फीच्या पैशांचेही असतात. पैशांचं घरी आल्यावर नाही, निघायच्या आधीच ठरवा, कुणाला, किती, कधीपर्यंत, आणि तेवढंच द्या. मी एका मुलीची सातवीपर्यंतची फी घेतली, ती थेट शाळेत भरते, बाकीच्यांना नाही म्हटलं, पहिल्यांदा फार जड गेलं.

सीसीटी सर अजून फोन करतात, शनिवारी, त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेदहा. पोत्यांवरचे तक्ते आता बाजूच्या क्लस्टरमध्ये पण करतायत, दोन पायऱ्यांवाले. किल्लीचं मी त्यांना विचारलं होतं, कुरियरने पाठवू का. म्हणाले अकीकी, नवीन कुलूप कधीच आणलं, ती तूच ठेव.